तात्या की कमलाताई, आमच्या सोयाबीनचं कोण बोललं?

ज्यांना वाटतं की लातूर-औशाकडच्या माणसानं अमेरिकेच्या अध्यक्षाच्या निवडणुकीवर तावातावानं भांडणं म्हणजे रिकामे उद्योग, त्यांच्याशी माझं कधी जमलं नाही. "आपल्याला काय करायचंय अमेरिकेचं" हे वाक्य मी यार्डात ऐकतो, लग्नाच्या पंगतीत ऐकतो, एसटीत ऐकतो आणि दरवेळी सांगतो की बाबांनो करायचंय, लई करायचंय, आपल्या सोयाबीनच्या कट्ट्याचा भाव तिकडं बसलेल्या माणसाच्या सहीनं हलतो. भांडा, खुशाल भांडा. माझं म्हणणं एवढंच की ज्या गोष्टीसाठी भांडायला पाहिजे ती सोडून आपण भलत्याच गोष्टीवर घसा कोरडा करतो, आणि 2024 च्या सगळ्या प्रचारात मी हेच बघितलं. 2025 चा 5 नोव्हेंबर आला तेव्हा त्या मतदानाला वर्ष झालं, म्हणून एकदा सगळं लिहून टाकतो.

मी लातूरच्या मार्केट यार्डात एका आडतीवर हिशोब लिहितो, घरी औसा तालुक्यात कोरडवाहू जमीन आहे, सोयाबीन अन् तूर. त्यामुळं पोटलीचा, म्हणजे यार्डातल्या त्या दिवसाच्या सौद्याचा, भाव निघायच्या आधी आडत्यांच्या मोबाईलवर काय उघडलेलं असतं ते रोज डोळ्यासमोर दिसतं. शिकागोचा वायदा, म्हणजे तिथल्या बाजारातला सोयाबीनचा पुढच्या महिन्यांचा सौदा. तो रात्री वर बंद झाला का खाली, ब्राझीलात पाऊस पडला का नाही, चीननं माल उचलला का नाही, हे बघून मग मिलवाला किती बोलणार याचा अंदाज बांधतात. शेतकरी बिचारा पहाटे टेम्पो लावून मॉइश्चर किती लागंल या काळजीत उभा असतो, आणि त्याच्या मालाचं अर्धं गणित रात्रीच झालेलं असतं.

हे गणित अवघड नाही पण कुणी नीट सांगत नाही म्हणून सांगतो. 100 किलो सोयाबीन गाळलं की तेल निघतं साधारण 18 किलो, बाकी सगळी पेंड, तिला यार्डात डीओसी म्हणतात. म्हणजे आपण ज्याला तेलबिया म्हणतो त्यात खरा माल पेंडीचा, कोंबड्यांच्या खाद्याला जाणारा. तेलात आपला देश जगातला मोठा गिऱ्हाईक, लागतं त्याच्या निम्म्याहून जास्त बाहेरून येतं, पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, सोयातेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून. आणि पेंड आपण बाहेर विकतो. म्हणजे दोन्हीकडून जगाच्या भावाला बांधलेलो. जुलै 2018 मध्ये ट्रम्पच्या टॅरिफला, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालावरच्या कराला, उत्तर म्हणून चीननं अमेरिकेच्या सोयाबीनवर 25 टक्के जादा टॅक्स लावला आणि आपली खरेदी ब्राझीलकडं वळवली, तिथून ब्राझीलनं जी लागवड वाढवली ती वाढवलीच, आणि आज तेच ब्राझीलचं पीक जगाचा भाव दाबून बसलंय. अमेरिकेचा अध्यक्ष अन् चीन यांच्या भांडणाचा धूर औशापर्यंत येतो तो असा.

मग 2024 च्या प्रचारात आम्ही काय बोलत होतो? ऐका.

आमच्याकडं ट्रम्पला सगळे डोनाल्ड तात्याच म्हणतात, तेव्हा तात्या की कमलाताई, म्हणजे कमला हॅरिस, असा सरळ सामना होता. पण आधी जुलैत तो गोळीबार झाला पेन्सिल्व्हेनियातल्या बटलरला, तात्याच्या कानाला गोळी चाटून गेली, तो रक्तानं भरलेला चेहरा अन् वर केलेली मूठ, तो फोटो दोन दिवसांत निम्म्या गावाच्या स्टेटसला. आठवड्याभरात 21 जुलैला तेव्हाचे अध्यक्ष बायडेन उमेदवारीतून माघारी फिरले, कमलाताई आल्या, मग तमिळनाडूतलं तुलसेंद्रपुरम त्यांच्या आजोबांचं गाव, तिथल्या देवळातली पूजा, ते व्हिडिओ सुरू झाले. त्याला उत्तर म्हणून दुसऱ्या बाजूनं ट्रम्पचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार जे. डी. व्हान्स यांची बायको उषा, तिचं मूळ आंध्रातलं, तिकडच्या गावात पण पूजा. म्हणजे एक नात तमिळ अन् एक सून आंध्राची, आणि आमच्या गावात भांडण काय तर खरी आपली कोण. 10 सप्टेंबरच्या फिलाडेल्फियातल्या डिबेटनंतर कुत्र्या-मांजरांची ती क्लिप, बाहेरून आलेले लोक पाळीव कुत्री-मांजरं खातात असं ट्रम्प म्हणाले ती. दिवाळीच्या दिवशी, 31 ऑक्टोबरला, ट्रम्पनी बांगलादेशातल्या हिंदूंवरच्या अत्याचाराबद्दल पोस्ट टाकली, मोदी माझे चांगले मित्र असंही लिहिलं, आणि मग आमच्या भावकीच्या ग्रुपवर विषयच संपला, अर्ध्या लोकांनी तात्या निवडून आल्याचं तिथंच जाहीर केलं.

आणि हे सगळं कधी, तर आपल्या विधानसभेचा प्रचार ऐन भरात असताना. तिकडं मतदान 5 नोव्हेंबरला, इकडं 20 नोव्हेंबरला. 4 तारखेला अर्ज माघारीचा शेवटचा दिवस, त्याच दिवशी जरांगे पाटलांनी निवडणूक लढवणार नाही म्हणून जाहीर केलं, सगळा मराठवाडा त्यावर बोलत होता, आणि त्याच चर्चेत दर पाच मिनिटाला अमेरिका. मला जे दिसलं ते असं की अमेरिकेचा उमेदवार लोकांनी अमेरिकेकडं बघून निवडलाच नव्हता. इथं ज्याला जो नेता नको त्यानं तिथं त्याच्यासारखा वाटणारा माणूस शोधला अन् त्याच्या विरुद्ध उभा राहिला. आमचे मामा कमळाचे जुने कार्यकर्ते, अणीबाणीनंतरचे, म्हणून ट्रम्प. दाजी पंजाचे, विलासरावांच्या सभेला सायकलवर गेलेले, म्हणून हॅरिस. दोघांनाही विचारलं की हा माणूस निवडून आला तर इंपोर्ट ड्युटीचं काय करंल, तर दोघांकडं उत्तर नाही, पण भांडण मात्र असं की भाऊबीजेच्या दिवशी ताईनं ओवाळायचं ताट हातात धरून उभं राहायचं अन् हे दोघं पेन्सिल्व्हेनियावर.

मामांची बाजू मी इथं प्रामाणिकपणे मांडतो कारण ते माझ्यापेक्षा वयानं अन् अनुभवानं मोठे आहेत आणि त्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. ते म्हणायचे, "अरे ह्यूस्टनला 2019 ला काय गर्दी होती, फेब्रुवारी 2020 ला अहमदाबादला स्टेडियम भरलं होतं, जो माणूस आपल्या पंतप्रधानाच्या हाताला धरून फिरतो त्यो आपलं वाईट करंल का?" शिवाय माझा भाचा, ताईचा पोरगा, टेक्सासला एमएसला आहे, तर मामांनी तेही धरलं होतं, जूनमध्ये एका पॉडकास्टवर ट्रम्प म्हणाले होते की अमेरिकेत डिग्री घेतलेल्या पोरांना डिग्रीबरोबर ग्रीन कार्डच द्यायला पाहिजे. हे खरं आहे, म्हणाले होते. दाजी म्हणायचे, "निवडणुकीत बोलायचं अन् नंतर करायचं यात फरक असतोय की मामा, तुमच्याकडं तर जास्तच." झालं. मग मामा चिडणार, मग विषय अमेरिका सोडून सोयाबीनच्या भावावर येणार असं मला वाटायचं, तर तो जायचा लाडक्या बहिणीवर.

सोयाबीन तेव्हा क्विंटलला चार हजार, सव्वाचार हजार. हमीभाव 4892. ज्या यार्डात ऑगस्ट 2021 ला दहा हजार बघितले त्याच यार्डात तीन वर्षांनी चार. काढणीचं गुत्तं, मळणी, भाडं सगळं वाढलेलं. प्रचारात एका बाजूनं 6000 देऊ म्हटलं, दुसऱ्या बाजूनं 7000 देऊ म्हटलं, आणि खरेदी केंद्रावर बारदाना नाही म्हणून माणसं ट्रॅक्टरसकट उभी. ओलावा 12 टक्क्यांवर असला तर माल परत, ती अट निवडणुकीच्या तोंडावर 15 टक्के केली, तोवर कितीतरी लोकांनी पडेल भावात देऊन टाकला होता. सप्टेंबरात केंद्रानं बाहेरून येणाऱ्या कच्च्या खाद्यतेलावरची ड्युटी साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेली, सगळ्यांना वाटलं आता सोयाबीन उठणार. उठलं काय तर किराणा दुकानातलं तेल. सोयाबीन जागच्या जागी, कारण वर सांगितलं तसं, माल पेंडीचा आहे आणि पेंडीला उठाव नव्हता. मक्यापासून इथेनॉल काढल्यावर जो चोथा उरतो, डीडीजीएस, तो स्वस्तात मिळायला लागला आणि खाद्यवाले तिकडं वळले. म्हणजे यात अमेरिका नाही, हे आपल्याच धोरणाचं आहे. एकेका गोष्टीचा दोष ज्याचा त्याच्या पदरात टाकायला पाहिजे, मला सगळं ट्रम्पवर ढकलायचं नाही.

पण मग अमेरिकेच्या उमेदवारांकडं काय बघायचं होतं? ते तर उघड पडलेलं होतं. ट्रम्प प्रत्येक सभेत सांगत होते की चीनच्या मालावर 60 टक्के आणि बाकी सगळ्या देशांच्या मालावर 10 ते 20 टक्के टॅरिफ लावणार. ऑक्टोबरात शिकागोला तर म्हणाले की डिक्शनरीतला सगळ्यात सुंदर शब्द टॅरिफ. सप्टेंबरात मिशिगनमध्ये मोदींचं कौतुक केलं आणि त्याच दमात भारत टॅरिफच्या बाबतीत आमचा गैरफायदा घेतो असंही म्हणाले. लपवलेलं काहीच नव्हतं! आमच्या ग्रुपवर कौतुकाचं अर्धं वाक्य आलं, दुसरं अर्धं आलं नाही, कारण फॉरवर्ड करणाऱ्याला ते नको होतं. कमलाताई म्हणत होत्या की हा टॅरिफ म्हणजे अमेरिकन माणसावरच विक्रीकर आहे. हे पण बरोबर होतं, पण दाजींच्या बाजूच्यांनी हे कधी सांगितलं नाही, ते तुलसेंद्रपुरम अन् कुत्र्या-मांजरातच खूश.

आणि दाजींच्या पार्टीला पण विचारायला पाहिजे होतं. बायडेन-हॅरिसच्या चार वर्षांत ट्रम्पनी चीनवर लावलेले टॅरिफ काढले का? नाही, बरेचसे तसेच ठेवले. 2023 ला मोदी वॉशिंग्टनला गेले तेव्हा जो समझोता झाला त्यात आपण अमेरिकेच्या सफरचंद, बदाम, अक्रोडाबरोबर हरभरा आणि मसुरीवरचाही जादा टॅक्स काढला. हरभरा म्हणजे आमचं रब्बीचं मुख्य पीक, यार्डात मार्चपासून त्याच्याच थप्प्या असतात. तेव्हा कुणाला ट्रम्प आठवला नाही अन् कुणाला बायडेन पण आठवला नाही. अमेरिकेत कोणतंही सरकार असो, त्यांना त्यांचा मका, त्यांचं सोयाबीन, त्यांचा हरभरा आपल्याकडं विकायचाच आहे, आयोवा-इलिनॉयचा शेतकरी त्यांच्या उरावर बसलेला असतो. फरक आहे तो पद्धतीत. एक जण टेबलावर बसून मागतो, एक जण आधी दांडका घालतो अन् मग टेबलावर बसवतो. आपल्याला कोणता परवडतो हा वाद मला घरात व्हायला हवा होता.

इथं एक गोष्ट मधेच सांगतो कारण राष्ट्रपती म्हटलं की आमच्याकडं 2007 आठवतं. तेव्हा राष्ट्रपतिपदासाठी शिवराज पाटील चाकूरकरांचं नाव चर्चेत आलं होतं, लातूर जिल्ह्याचा माणूस राष्ट्रपती भवनात, काय हवा होती. डाव्या पक्षांना ते नाव पटलं नाही आणि मग जळगावच्या प्रतिभाताई झाल्या, समोर भैरोसिंह शेखावत. शिवसेना तेव्हा भाजपबरोबर, तरी बाळासाहेबांनी मराठी माणूस म्हणून प्रतिभाताईंना मतं दिली. त्या वेळीही वाद असाच, आपला कोण, परका कोण. पण आपल्या राष्ट्रपतीची सही मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं होते, सोयाबीनच्या भावाशी तिचा थेट संबंध नाही, म्हणून तिथं मान-अभिमानाचा वाद चालून जातो. अमेरिकेचा अध्यक्ष तसा नसतो. तो स्वतः सही करतो अन् दुसऱ्या दिवशी सुरतेचा हिरा अन् तिरुपूरचा टी-शर्ट बंदरात अडकतो. त्या खुर्चीवरच्या माणसाबद्दल बोलताना नातं-गोतं काढत बसणं आपल्याला महागात पडतं.

आमच्या घरात त्यांच्या मतदानाची पद्धत समजवायलाच एक संध्याकाळ गेली होती, ते पण सांगतो. आजोबांना पटतच नव्हतं की जास्त मतं पडून माणूस हरतो कसा. 2016 ला हिलरी क्लिंटनना ट्रम्पपेक्षा जवळपास 29 लाख मतं जास्त होती तरी त्या पडल्या. 2000 साली फ्लोरिडात 537 मतांच्या फरकावर सगळ्या देशाचा निकाल लागला. मी म्हटलं आबा, असं समजा की मराठवाड्यातल्या आठ जिल्ह्यांना ठरावीक मतं वाटून दिलीत, लातुरात एका मतानं जरी पुढं गेला तरी लातूरची सगळी मतं त्याची, मग नांदेडात लाखभर जास्त पडून उपयोग काय. तशी तिथं सगळ्या राज्यांची मिळून एकूण 538 मतं, जिंकायला 270, आणि दोन राज्यं सोडली, मेन अन् नेब्रास्का, तर बाकी सगळीकडं जो पुढं त्याला सगळं. म्हणून प्रचार सगळा सात राज्यांत, पेन्सिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना, ॲरिझोना, नेवाडा. आबांनी विचारलं मग ज्या राज्याचं ठरलेलं आहे त्याला कोण विचारतं? कुणीच नाही विचारत आबा. आयोवा, जिथं देशात इलिनॉयच्या बरोबरीनं सोयाबीन पिकतं, ते ट्रम्पचं ठरलेलंच म्हणून कमलाताई तिकडं फिरकायचं कारण नव्हतं, अन् ट्रम्पलाही काळजी नव्हती. आबा गप बसले अन् मग म्हणाले, "म्हंजी आपल्यासारखंच की." मला वाटतं त्या सबंध सीझनमध्ये आमच्या घरात झालेली ही सगळ्यात चांगली चर्चा होती.

6 नोव्हेंबरला सकाळपासून यार्डात सगळ्यांच्या मोबाईलवर नकाशा. दुपारपर्यंत कोण जिंकलं ते कळलं. सगळी मोजणी झाल्यावर ट्रम्प 312, हॅरिस 226, सातही राज्यं तात्याला. मतं म्हणाल तर 7 कोटी 73 लाख विरुद्ध 7 कोटी 50 लाख. मामांनी पेढे वाटले, खरंच वाटले. दाजींनी घेतला पण, आमच्याकडं पेढ्याला नाही म्हणत नाहीत. आणि पुढं 23 तारखेला इकडचा निकाल लागला तेव्हा अमेरिका सगळे विसरून गेले.

मला न विसरता येणारं वर्ष त्यानंतर आलं. 7 ऑगस्ट 2025 पासून आपल्या मालावर 25 टक्के टॅरिफ, मग रशियाकडून तेल घेता म्हणून 27 ऑगस्टपासून आणखी 25, असे त्या वर्षी एकूण 50 झाले. ज्या दिवशी पहिले 25 लागले त्याच दिवशी मोदी दिल्लीत स्वामीनाथन यांच्या जन्मशताब्दीच्या कार्यक्रमात म्हणाले की शेतकऱ्यांच्या हिताशी तडजोड नाही, किंमत मोजावी लागली तरी चालंल. ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आणि त्यानंतर दोन आठवडे व्हायच्या आत, 19 ऑगस्टपासून, कापसावरची 11 टक्के आयात ड्युटी काढून टाकली, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत म्हणाले, मग डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. कारण काय तर अमेरिकेच्या टॅरिफनं कापडवाले अडचणीत आले, त्यांना स्वस्त कापूस पाहिजे. बरोबर आहे, कापडवाल्यांना जगवायलाच पाहिजे, तिथंही लाखो कामगार आहेत. पण वॉशिंग्टनच्या सहीचं बिल जालना, परभणी, बीडच्या कापूसवाल्यानं का भरायचं? त्याचा कापूस तर अजून बोंडातच होता. सप्टेंबरात पावसानं जे केलं ते सगळ्यांना माहिती आहे, धाराशिव, बीड, लातूर, नद्या शेतातून गेल्या, माती वाहून गेली, आणि जो कापूस वाचला त्याला हमीभाव 8110 असताना व्यापारी त्याच्या खालीच मागत होता. बाहेरची गठाण विनाड्युटी येत असल्यावर तो जास्त कशाला देणार होता?

मग 19 सप्टेंबरला एच-वन-बीचा, म्हणजे तिकडं नोकरीसाठी लागणाऱ्या व्हिसाचा, आदेश. नव्या अर्जाला एक लाख डॉलर. रुपयात 88 लाख. ती रात्र आमच्या ताईच्या घरात कुणी झोपलं नाही, पोरगं तिकडं, इकडं शिक्षणाचं कर्ज, शेत गहाण. सकाळी मामा आले ते कुणाशी न बोलता ओट्यावर बसून राहिले. त्यांना टोमणा मारावा असं कुणालाही वाटलं नाही अन् दाजींनीही मारला नाही, मला दाजींचा त्यासाठी आदर वाटतो. ऑक्टोबरात खुलासा आला की जी पोरं आधीच तिथं शिकतायत अन् तिथल्या तिथं व्हिसा बदलून घेतायत त्यांना ही फी नाही, तेव्हा कुठं ताईनं नीट जेवण केलं. लॉटरी आहेच पुढं. पण इथून बीई करून थेट तिकडच्या कंपनीत जायचं स्वप्न बघणाऱ्या पोरांचं काय? लातूर पॅटर्नच्या पोरांनी बारावीपासून तेच बघितलेलं असतं. डिग्रीबरोबर ग्रीन कार्ड म्हणणारा माणूस तोच, आणि हा आदेशही त्याचाच. आणि हेही सांगतो की कमलाताईंनी सगळ्या प्रचारात एच-वन-बीवर ठोस असं काही सांगितलंच नव्हतं, म्हणजे त्या आल्या असत्या तर काय झालं असतं हे दाजींनी छातीठोक सांगू नये.

त्यानंतर मामांचं नवीन सुरू झालं. 30 ऑक्टोबर 2025 ला दक्षिण कोरियात ट्रम्प अन् जिनपिंग भेटले, चीन वर्षअखेरपर्यंत 1 कोटी 20 लाख टन सोयाबीन घेणार अन् पुढची तीन वर्षं दरवर्षी अडीच कोटी टन घेणार असं ठरलं, शिकागो वर गेलं. मामा म्हणतात, "बघ, तात्यानं भाव वाढवला का न्हाई." मामा, वाढला तो आयोवाचा. आणि हा सौदा आहे कशाचा? टॅरिफच्या भांडणात चीननं मेपासून अमेरिकेचं सोयाबीन घेणंच बंद केलं होतं, ते परत सुरू झालं. आपल्या पोटलीचा भाव तेव्हाही 5328 च्या हमीभावाच्या खालीच होता. मी दाजींनाही हेच म्हणतो, ट्रम्पचं काही चुकलं की तुमच्या तोंडावर जो आनंद येतो तो मला बघवत नाही, त्याच्या चुकीचा दंड आपण भरतो.

माझं मागणं साधं आहे आणि ते मी दोघांपुढं ठेवलंय. अमेरिकेचं सरकार आपल्याकडं त्यांचा मका अन् सोयाबीन घ्या म्हणून मागं लागलंय, त्यांचे वाणिज्यमंत्री लटनिक सप्टेंबर 2025 ला उघड म्हणाले की भारत एवढ्या लोकसंख्येच्या गप्पा मारतो अन् आमचा एक बुशेल, म्हणजे तिकडचं धान्याचं माप, मका घेत नाही. त्यांचा मका-सोयाबीन बहुतेक सगळा जीएम, म्हणजे जनुकं बदललेल्या बियाण्याचा, आपल्याकडं खाण्याच्या पिकात त्याला परवानगी नाही. 2021 ला भाव दहा हजारावर गेला तेव्हा आपल्याच सरकारनं 12 लाख टन जीएम सोयापेंड आणायला परवानगी दिली होती अन् भाव कसा खाली आला ते आमच्या वह्यांत लिहिलेलं आहे. तेव्हा टेबलावर काय द्यायचं अन् काय नाही हे ठरवणाऱ्या दोन्ही बाजूंच्या माणसांना, दिल्लीतल्याही अन् वॉशिंग्टनमधल्याही, पक्ष बघून सूट देऊ नका. मामांनी त्यांच्या आमदाराला विचारावं की 6000 चं काय झालं. दाजींनी त्यांच्या खासदाराला विचारावं की व्यापार कराराच्या चर्चेत सोयापेंडीवर तुम्ही सभागृहात काय बोललात. मी पण येतो बरोबर, निवेदन मी लिहितो, आकडे आडतीवर आहेतच.

3 नोव्हेंबर 2026 ला अमेरिकेत मध्यावधी निवडणूक आहे, तिथल्या संसदेच्या खालच्या सभागृहाच्या, हाउसच्या, सगळ्या 435 जागा अन् वरच्या सभागृहाच्या, सिनेटच्या, साधारण एक तृतीयांश. आयोवाची सिनेटची जागा त्यात आहे, तिथल्या जोनी अर्न्स्ट यांनी परत उभं राहणार नाही म्हणून जाहीर केलंय, म्हणजे नवे चेहरे येणार, आणि तिथं प्रत्येक जण शेतकऱ्याला सांगणार की तुझं सोयाबीन मी कुठं विकून दाखवतो. त्या यादीत भारताचं नाव कोण घेतंय, किती टन म्हणतंय, कोणत्या ड्युटीवर म्हणतंय, हे मी रोज वाचणार आहे आणि जे सापडंल ते भावकीच्या ग्रुपवर मराठीत टाकणार आहे, तात्याच्या पार्टीचं असो का दुसऱ्या पार्टीचं. मामांना सांगून ठेवलंय. ते म्हणाले टाक, पण दोन्हीकडचं टाक. दाजी म्हणाले, मेन म्हंजी शिकागोचा भाव पण टाकत जा रोज सकाळी.